दहाच्या ठोक्याआधी

मुंबईतल्या रॉक संगीताचा इतिहास बहुतेक जण बँडच्या नावांपासून सुरू करतात. मला तो एका जागेपासून सांगावासा वाटतो. बोरीबंदरला लोकलमधून उतरून महापालिका मार्गानं मेट्रो सिनेमाकडे निघालं की कामा हॉस्पिटल आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आसपास एक गल्ली लागते. त्या गल्लीत सरकारी मालकीचं एक खुलं नाट्यगृह होतं, रंगभवन. वर आभाळ, खाली बसायच्या रांगा, समोर रुंद रंगमंच. मराठी नाटकं तिथे झाली, पुढे जॅझ आलं आणि मग रॉकही आलं. आसनगाव, वासिंद, खर्डी, कसारा इथल्या माणसाला या जागेचं मोल वेगळंच होतं. स्टेशनातून पायी पोहोचायचं, गाणं ऐकायचं, पायीच परतून कसारा लोकल पकडायची. आसनगाव मुंबईपासून सुमारे ८६ किलोमीटर, कसारा १२१ किलोमीटर. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणला उतरून एसटी धरायची, आणि रात्री एसटी नसेल तर पहाटेपर्यंत फलाटावर बसायचं. इतक्या लांबून येणाऱ्याच्या दृष्टीनं कार्यक्रम कुठे होतो आणि किती वाजता संपतो, हे प्रश्न गाण्याइतकेच महत्त्वाचे असतात.

ज्या संगीतासाठी ही धडपड चाले, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, ऐकणारे नुसतं ‘प्रॉग’ म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. किंग क्रिम्झन या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९च्या ऑक्टोबरात आली आणि रॉकमध्ये मेलोट्रॉन, सॅक्सोफोन, बासरी, बदलत्या लयी असं सगळं एकत्र नांदू शकतं हे लोकांना कळलं. १९७२ साली ‘येस’नं ‘क्लोज टू द एज’ हे शीर्षकगीत रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापेल एवढं लांब केलं, सुमारे अठरा मिनिटांचं. त्याच वर्षी जेथ्रो टलनं ‘थिक अॅज अ ब्रिक’मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच रचना वाजवली. १ मार्च १९७३ रोजी पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आली. तिच्यातली गाणी एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की एखादं वेगळं काढून ऐकलं तर ते तुटलेलं वाटतं.

हे संगीत शहरी इंग्रजी माध्यमाचं, खेड्यातल्या कानांना परकं, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध आहेच, पण कनातीत रंगणाऱ्या तमाशासाठीही लोक कोसभर चालून येत आले. ढोलकीची सलामी, मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहिलेला वग पहाटेपर्यंत चाले. एकाच बैठकीत भक्ती, थट्टा, शृंगार आणि इतिहास ऐकण्याची सवय ज्याला आहे, त्याला अठरा मिनिटांची रचना लांब का वाटावी? एका अंगातून दुसऱ्यात जाताना लय मोडणं, मग अनपेक्षितपणे पुन्हा सम गाठणं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे रसिकही शेवटचं सत्र रात्रभर ऐकून उजाडताना घरी जात. संगीताला रात्र लागते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे.

महाराष्ट्रात रॉकच्या चळवळीचा पहिला मोठा मुक्काम मुंबईत नव्हता. १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला, जिथे कार्ले-भाजे लेण्यांसाठी लोक उतरतात तिथे, ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या मैदानावरचा संगीतमेळा झाला. अमेरिकेत १९६९ साली झालेल्या वुडस्टॉकची हवा त्यामागे होती, म्हणून त्याला पुढे ‘भारताचं वुडस्टॉक’ म्हणू लागले. त्या काळी सिगारेट कंपनीनं भरवलेली ‘सिमला बीट’ स्पर्धाही जोरात होती. देशभरचे बँड त्यात उतरत आणि निवडक गाण्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्वतःची दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात वाजवलंही. जगभर मैदानं भरवणारी ही माणसं मूठभर लोकांसमोर वाजवून गेली, तरी ज्यांनी ते ऐकलं त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर सांगितली.

पण या सगळ्यात मराठी माणसानं थांबून पाहावा असा धागा नंदू भेंडे यांचा आहे. वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे, दोघंही मराठी रंगभूमीवरचे. आत्माराम भेंडे आणि बबन प्रभू या जोडीच्या फार्सांनी एका पिढीला हसवलं. त्या घरातला मुलगा इंग्रजी रॉक गाऊ लागला. १९७४ साली नाट्यदिग्दर्शक अॅलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा उभा केला, त्यात नंदूनं ज्युडासची भूमिका केली. ज्युडास हा या कलाकृतीतला सर्वांत अवघड गळा आहे. त्याला किंचाळायचं आहे, विनवायचं आहे, वाद घालायचा आहे, आणि हे सगळं सुरात. १९७०च्या मूळ रेकॉर्डवर येशूची भूमिका डीप पर्पलच्या इयन गिलननं गायली होती. त्यामुळे रॉक ऐकणाऱ्यांना ही कलाकृती परिचित होती. आता तेच गाणं मुंबईच्या रंगमंचावर, समोर बसून, जिवंत वाद्यवृंदासह ऐकायला मिळालं. दोन-अडीच तासांची एकसंध कथा रॉकच्या भाषेत सांगणारा प्रयोग इथल्या श्रोत्यांना त्याआधी क्वचितच भेटला असेल.

चार वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीनं पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं. दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ नाटक ब्रेख्तचं, १९२८चं, त्याला कुर्ट वाइलचं संगीत होतं. त्यामागे जॉन गे याची १७२८ची ‘बेगर्स ऑपेरा’. पुलंनी ते मराठीत आणताना नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य ढंग यांना एकाच रंगमंचावर जागा दिली. नायकाच्या भूमिकेत होता नंदू भेंडे. इंग्रजी रॉकवर पोसलेला आवाज मराठी शब्द घेऊन उभा राहिला आणि शेजारी नाट्यपद नि लावणी चालू होती. माझ्या मते मराठीतला प्रोग्रेसिव्ह रॉकचा सर्वांत जवळचा अनुभव हाच. त्याला कुणी ते नाव दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. पुढे ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गाऊन नंदू भेंडे देशभर ऐकले गेले, पण त्यांचं खरं काम रंगमंचावरचं होतं. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले, तेव्हा बातम्यांमध्ये त्यांची ओळख मुख्यतः रॉक गायक अशीच आली. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात त्यांचं नाव अजून पुरेसं ठळकपणे लिहिलं गेलेलं नाही, याची खंत वाटते.

‘तीन पैशाचा तमाशा’ आला त्याच वर्षी, १९७८मध्ये, निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि रंगभवन जगाच्या नकाशावर आलं. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स पहिल्याच वर्षी तिथे वाजवून गेले. जॅझ आणि प्रॉग यांच्या सीमा तेव्हा पुसट होत्या. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी आधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि मग झाकिर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ उभी केली होती. मुंबईचे त्रिलोक गुर्टू याच प्रवाहातले. शोभा गुर्टूंचा मुलगा. ठुमरी-दादऱ्याच्या घरातून निघून ढोल, तबला, ड्रम यांचा स्वतःचा संच घेऊन जगभर फिरला. १९८८च्या ‘उस्फ्रेट’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत आईनं गायलंय. बेळगावात जन्मलेली, घरंदाज ठुमरी गाणारी ही बाई मुलाच्या बेस गिटार आणि ड्रमच्या मध्ये न डगमगता आपला सूर लावते, ते ऐकण्यासारखं आहे.

१९८६ साली फरहाद वाडिया यांनी रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं. लोक त्याला आय-रॉक म्हणत. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, छप्पर नसलेल्या नाट्यगृहात. पाऊस आला तर भिजायचं, थांबला तर कपडे अंगावरच वाळवायचे. अस्सल प्रॉग त्यात थोडंच असे. हेवी मेटल आणि हार्ड रॉकचा जोर अधिक. रॉक मशीन (पुढे ज्याचं नाव इंडस क्रीड झालं) यासारखे बँड स्वतःची गाणी आणू लागले तेव्हा मोठी गोष्ट वाटली, कारण बाकी बहुतेक जण परदेशी गाणीच वाजवत. पण त्या परदेशी गाण्यांत फ्लॉइडची आणि टलची असायचीच. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एकानं विकत घेतलेली कॅसेट कल्याणपर्यंत पोहोचेतोवर पाच-सहा वेळा उतरवलेली असे. आवाज बसलेला, टाळ्या-झांजा विरलेल्या. तेच गाणं रंगभवनात जिवंत गिटारवर ऐकलं की कॅसेटमध्ये काय काय हरवलं होतं ते कळे. बँड मूळचा नाही, गाणंही त्यांचं नाही, तरी तो अनुभव खरा होता. ज्यांना परदेशी जाणं स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यांना हे संगीत शरीरानं ऐकायला मिळालं: छातीत बसणारा बेस, पायाखालचं थरथरणं, शेजारच्या अनोळखी मुलाचा खांद्यावर पडलेला हात.

दक्षिण मुंबईत राहणारा रात्री उशिरा टॅक्सीनं घरी जाऊ शकत होता. आसनगावजवळच्या शहापूरच्या मुलाला तसं करता येत नव्हतं. त्याचं सगळं गणित कसाऱ्याच्या गाडीवर. ती चुकली तर कल्याणपर्यंत जाऊन पहिल्या गाडीची वाट पाहायची. शेवटचा बँड ऐकायचा की गाडी धरायची, हा निर्णय कार्यक्रमाच्या ऐन भरात घ्यावा लागे. तरी रंगभवनातून निघून गाडी गाठता येई, कारण स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं आणि गाडी तिथूनच सुटायची. बसायला जागाही मिळे.

मग कायदा आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, अशी तरतूद पुढे आली. रंगभवन रुग्णालय आणि कॉलेज दोन्हींच्या कुशीत. २००३ साली तिथलं संगीत थांबलं. हे थांबणं अन्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. प्रसूतीसाठी दाखल झालेल्या बाईला शांत झोप मिळाली पाहिजे, तिचा हक्क कुठल्याही गिटारपेक्षा मोठा आहे. पण एक सार्वजनिक जागा बंद करताना तिच्या तोडीची दुसरी जागा द्यायला हवी होती, स्टेशनजवळची, कमी भाड्याची, सरकारी. ती मिळाली नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानात गेला. अंधेरीहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, तिथे आधीच भरून आलेली गाडी. कसारा लाईनवरच्यांसाठी तो रस्ता फार लांबला.

याच नियमानं सवाई गंधर्वची रात्र संपवली आणि जत्रांतल्या तमाशालाही वेळेचं कुंपण घातलं. गण-गवळण आटोपून वग रंगात येण्याआधी दहा वाजतात. तमाशा फडांचे मालक वर्षानुवर्षं सवलत मागत आले आहेत. रॉकवाले आणि तमाशावाले एकाच प्रश्नात सापडले, पण एकमेकांच्या बाजूनं कधी बोलले नाहीत.

१८ फेब्रुवारी २००७. रविवार. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर रॉजर वॉटर्स. पिंक फ्लॉइडचा हा गीतकार-बेसवादक ‘द डार्क साइड ऑफ द मून’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणारा दौरा घेऊन आला होता. रेकॉर्ड निघून ३४ वर्षं होत आली होती. ज्यांनी ती तरुणपणी कॅसेटवर ऐकली ते पन्नाशीच्या आसपासचे लोक आणि त्यांची कॉलेजातली मुलं एका मैदानात होती. या दौऱ्यात आवाज समोरूनच नव्हे, चारही बाजूंनी येई. घड्याळांचा गजर, नाण्यांचा खणखणाट, माणसांचं हसणं मागच्या बाजूनंही ऐकू येत असे. ‘मनी’ हे गाणं सात मात्रांत आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला ही लय अडखळवते. आपल्याकडे रूपक तालाचा सराव असलेला माणूस ती बोटांवर सहज मोजतो. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच जातो, आणि मग गिटार येते तेव्हा लय चारात उतरते. त्या बदलाच्या क्षणी अख्खं मैदान एकाच वेळी उसळतं. रेकॉर्ड शंभरदा ऐकलेल्यालाही हे घरात कळत नाही, त्याला हजारो माणसं लागतात.

आणि मैदान कुर्ल्याजवळ. कसारा लाईनवरच्या श्रोत्याला पुन्हा एकदा परतीचा सरळ रस्ता मिळाला होता.

पुढच्या वर्षी जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर यांचा मुंबईतला कार्यक्रम २९ नोव्हेंबर २००८ला ठरला होता. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. बोरीबंदरला गोळ्या चालल्या, कामा हॉस्पिटलमध्ये चालल्या, आणि रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस अधिकारी पडले. ज्या वाटेनं मुंबईचे श्रोते वर्षानुवर्षं संगीताकडे चालत गेले आणि परतले, नेमक्या त्या वाटेवर ती रात्र घडली. कसारा लोकलनं ये-जा करणाऱ्या माणसाला त्या बातमीतला प्रत्येक कोपरा ओळखीचा होता. टलचा कार्यक्रम पुढे गेला आणि ५ डिसेंबरला ‘अ बिलियन हँड्स कॉन्सर्ट’ या नावानं, हल्ल्यात बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी झाला. टलचा म्होरक्या इयन अँडरसन तेव्हा साठी ओलांडलेला होता. शहर अजून सावरलेलं नसताना, अनेक परदेशी पाहुणे भारताचे दौरे रद्द करत असताना तो आपली बासरी घेऊन उभा राहिला, याबद्दल मुंबईनं कृतज्ञ असायला हवं.

२००९च्या डिसेंबरात पवईच्या आयआयटीत, मूड इंडिगो महोत्सवात, पॉर्क्युपाइन ट्री वाजवून गेलं. त्यांची ‘द इन्सिडेंट’ नुकतीच आली होती, तिचा मुख्य भाग ५५ मिनिटांची एकच रचना. कॉलेजच्या वयाच्या मुलांना एवढं लांब संगीत झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर होतं. इथल्या मुलांचे स्वतःचे प्रॉग बँडही याच सुमाराला पुढे आले. मुंबईच्या ‘कोशिश’नं २०१३ साली ‘फिरदौस’ ही संपूर्ण हिंदी कथासूत्राची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे अभंग रिपोस्टसारख्या गटानं वारकरी अभंगाला बेस गिटार आणि ड्रमची जोड दिली. नंदू भेंडेंनी उघडलेलं दार निदान किलकिलं राहिलं, असं त्यांना ऐकताना वाटतं.

२०१६च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्रीचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन पुण्याच्या एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सवात आला. मुरबाडहून पुण्याला माळशेज घाट चढून, आळेफाटा, नारायणगाव करत जाणारा रस्ता आहे. त्याच नारायणगावात दरवर्षी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रा समित्या येऊन सुपारी देतात. अशा महोत्सवांच्या आयोजकांनी दहाच्या नियमाशी जुळवून घेतलं आहे: दुपारी सुरू करायचं, एकाच वेळी तीन-चार मंचांवर वाजवायचं, दहाला बंद. लांबून येणाऱ्याला ते सोयीचं आहे हे खरं. पण तिकीट हजारोंच्या घरात जातं आणि एका बँडच्या वाट्याला तास-दीड तास येतो. प्रॉगला फुलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्यात सापडत नाही.

शहापूर आणि मुरबाडमध्ये रुग्णालय-शाळांपासून दूर असलेले माळ पुष्कळ आहेत. आसनगाव आणि आटगाव स्टेशनांच्या पलीकडे अर्ध्या तासात असा माळ सापडेल. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी जर इथून मुंबईला जातं, तर मुंबईचं संगीत एका रात्रीपुरतं इकडे यायला काय हरकत आहे? सरकारनं तिथे एक साधं खुलं रंगमंदिर बांधावं. राज्य सरकारच्या वतीनं जिल्हाधिकारी सवलतीचे जे पंधरा दिवस दरवर्षी जाहीर करतात, त्यांत एक रात्र म्हशाच्या जत्रेतल्या वगासाठी आणि एक रात्र अशा संगीतासाठी असावी. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून एकच अर्ज करावा, आणि त्या रात्री रेल्वेनं मध्यरात्रीनंतरची एक जादा लोकल सोडावी, कसाऱ्याहून कल्याणकडे.